जुनं इंजिन, नवं इंजिन आणि मधली बोट

आजचा विषय ऐकून काही जण मनात म्हणाले असतील, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना बोटीच्या इंजिनाशी काय देणं-घेणं? देणं-घेणं आहे, आणि ते जुनं आहे. प्लुटार्कने थीसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपून ठेवलं. फळी कुजली की काढायची, तिथे नवी बसवायची. मग विचारवंत भांडू लागले, की जहाज तेच राहिलं की दुसरं झालं? वर्गात आम्ही हे कोडं वर्षानुवर्षं शिकवलं. पण त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे, बरं का. नवी फळी हुबेहूब जुन्या फळीसारखीच मिळते, हे! लाकडाच्या बाबतीत ते एकवेळ चालून जाईल. यंत्राच्या बाबतीत चालत नाही. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं जे इंजिन असतं, ज्याला आउटबोर्ड म्हणतात, त्याचा इतिहास पाहिला की हे फार स्पष्ट दिसतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने असं इंजिन करून विकलं होतं. पण धंदा खऱ्या अर्थाने उभा केला तो ओले एव्हिनरूडने. हा जन्माने नॉर्वेचा, लहानपणी आईबापांबरोबर विस्कॉन्सिनला आलेला. उन्हाळ्यात तळ्यापलीकडून बेस नावाच्या मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणायला तो वल्हवत गेला, येईपर्यंत ते वितळलं आणि त्यातून इंजिनाची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, म्हणूनच आम्ही ती जरा जपून घेतो. खात्रीचं एवढंच की 1909 मध्ये त्याचं दीड हॉर्सपॉवरचं इंजिन बाजारात आलं. वजन 62 पौंड, म्हणजे 28 किलो. बेस पुढे त्याची बायको झाली आणि धंद्याचा पत्रव्यवहार, जाहिराती तिनेच सांभाळल्या. तिची तब्येत बिघडल्यावर त्याने कंपनी विकून टाकली. काही वर्षांनी तो परत आला तो ॲल्युमिनियमचं, दोन सिलिंडरचं, तीन हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन. वजन 48 पौंड. ताकद दुप्पट आणि ओझं कमी. पुढची सहा-सात दशकं या धंद्याची दिशा तीच राहिली, आणि बोटी बांधणाऱ्यांनी त्या हलक्या इंजिनाच्या हिशेबानेच बोटी बांधल्या.

हे हलकेपण कुठून आलं? टू-स्ट्रोक रचनेतून. झडपांचा पसारा नाही, तेलाची वेगळी टाकी नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पण त्यात एक खोट होती. सिलिंडरमध्ये येणारं ताजं मिश्रणच जळलेल्या वायूला बाहेर ढकलतं, आणि ढकलता ढकलता स्वतःही थोडं बाहेर पडतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनात पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त इंधन न जळताच पाण्यात जात असे. चार रुपयांतला एक रुपया तळ्यात! 1996 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नियम केला, की 1998 पासून टप्प्याटप्प्याने 2006 पर्यंत नव्या आउटबोर्डमधून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन सुमारे 75 टक्क्यांनी कमी झाले पाहिजेत. टाहो सरोवरावर तर 1999 च्या जूनपासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला बंदीच आली.

कंपन्यांपुढे दोन वाटा होत्या. होंडाने 1964 पासूनच फोर-स्ट्रोकची वाट धरली होती. एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावं ज्या कंपनीकडे होती, तिने टू-स्ट्रोकच ठेवून इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची रचना आणली. सुरुवातीच्या इंजिनांत दोष निघाले, आणि 2000 च्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नाव दुसऱ्या कंपनीने घेतलं, रचना सुधारली, चांगली चाललीही. पण 2020 च्या मे महिन्यात तिनेही एव्हिनरूडचं उत्पादन बंद केलं. शंभराहून जास्त वर्षांचं नाव संपलं.

आता बघा, ज्याच्या बोटीवर पंचवीस-तीस वर्षांचं टू-स्ट्रोक आहे आणि ज्याला आता ते बदलायचंय, तो दुकानात जाऊन काय म्हणतो? "चाळीसचं होतं, चाळीसचंच द्या." पण तेच कुठे मिळणार? एक तर आकडाच बदललेला आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ताकद इंजिनाच्या मुख्य दांड्यावर मोजत, पुढे पंख्याच्या दांड्यावर मोजू लागले. मधल्या दातेरी चाकांत जी ताकद खर्ची पडते ती वजा झाली. म्हणजे त्याहून जुनं चाळीस हे आजच्या चाळीसपेक्षा थोडं कमीच भरतं.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि आमच्या मते खरी मेख इथेच आहे. साधारण नव्वद हॉर्सपॉवरच्या वर्गात सुरुवातीची फोर-स्ट्रोक इंजिनं जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा तीस-चाळीस किलोंनी, कधी त्याहूनही जास्त जड होती. जणू एखादं पोर कायम बोटीच्या शेवटच्या टोकाला बसलेलं. बोट मागे बसते, नाक वर जातं. डेकवरचं पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोकं पाण्याच्या पातळीखाली गेली, तर त्याच वाटेने पाणी आत येतं. शिवाय फायबरच्या अनेक बोटींत मागच्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. ते आतून कुजलेलं असलं तर बाहेरून कळत नाही. ठोकून आवाज ऐकावा लागतो, बद्द आवाज आला की समजायचं. मग दांड्याची लांबी, 15, 20 की 25 इंच, ही फळीच्या उंचीशी जुळावी लागते. शिवाय पंखा, केबल, इंधनाची नळी हे सगळं आलंच. इंजिनाच्या किमतीपुरतेच पैसे बाजूला ठेवलेला माणूस इथे अडकतो.

हा सगळा इतिहास अमेरिकेतल्या तळ्यांचा झाला. पण आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न पोटापाण्याचा आहे. 1950 च्या दशकात तिथे नीण्डकरा भागात नॉर्वेच्या मदतीने मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प झाला (एव्हिनरूडच्या जन्मभूमीचा हा योगायोग आम्हाला गंमतीचा वाटतो). त्यातून आत इंजिन बसवलेल्या नव्या बोटी आल्या, पण वाळूवर ओढायच्या पारंपरिक होड्या वल्ह्या-शिडावरच राहिल्या. त्या होड्यांना इंजिन मिळालं ते मुख्यतः 1980 नंतर, आउटबोर्डच्या रूपाने. होडी मोडायची नाही, बंदर लागत नाही, किनाऱ्याला आलं की इंजिन उचलून घरी न्यायचं. ही इंजिनं पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवत, कारण सवलतीचं रॉकेल स्वस्त होतं.

म्हणजे तिथे इंजिनाची निवड इंधनाच्या भावाने केली होती. पुढे घरोघर गॅस पोचला, केंद्राकडून येणारा रॉकेलचा कोटा घटत गेला, सवलत आटली. पेट्रोलचं फोर-स्ट्रोक, डिझेल, गॅस असे पर्याय पुढे आले. पण प्रत्येक पर्यायाबरोबर नवं वजन येतं, नवा मेकॅनिक येतो आणि नवं कर्जही येतं. रॉकेलचं इंजिन उघडून दुरुस्त करणारा माणूस किनाऱ्यावर हाकेसरशी येत होता. नव्या इंजिनाला पुष्कळदा कंपनीचाच माणूस लागतो. वाट पाहण्यात जे दिवस जातात, त्या दिवसांची मासळी कोणी भरून देत नाही.

आणि वाट पाहत बसायचीही सोय नाही. सवलतीच्या रॉकेलचं परमिट इंजिनाच्या नावाने मिळतं. मत्स्य आणि पुरवठा खात्याचे अधिकारी इंजिनं एकत्र तपासतात, आणि ठरावीक वयापुढचं इंजिन असलं, तर ते कितीही चांगलं चालत असलं तरी यादीत बसत नाही. जुनं वापरत राहिलं तर इंधन बाजारभावाने घ्यायचं. नवं घ्यायचं तर ज्या रॉकेलच्या जोरावर हप्ते फेडायचे, ते रॉकेल पुढच्या हंगामात किती मिळेल याची खात्री नाही. होडीत चार-पाच भागीदार असतात. इंजिन बदलायचं की नाही, हे त्यांना पावसाळ्यानंतरच्या हंगामाआधी ठरवायचं असतं.