खोत गावचाच होता

रत्नागिरी जिल्ह्यात भात पिकवणारा कुळवाडी आणि सरकार यांच्यामध्ये खोत उभा होता. सरकारचा सारा खोत भरायचा आणि कुळाकडून वसुली खोतच करायचा. कुठे अर्धेल, कुठे तिर्धेल, वरून वेठ. पिकाचा अंदाज त्याचा, हिशोब त्याचा, दप्तर त्याच्या माडीवर. जमीन कसणाऱ्याला स्वतःच्या शेतात शिरायला जणू खोताची परवानगी लागे. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवस्थेवर इंग्रजांनी शिक्का मारला, पण खोत इंग्रज नव्हता. तो त्याच गावचा, आपलीच भाषा बोलणारा होता.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाच्या झेंड्याखाली शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर धडकला. मागणी साधी होती: मधला माणूस काढा. खोताला नुकसानभरपाई द्यायचीही विधेयकात तयारी होती, तरी काँग्रेसच्या राज्यात ते मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

हे आम्हाला आठवले ते लॅपटॉपमुळे. आमच्या अभ्यासिकेला एका कंपनीने जुने तीन लॅपटॉप दिले. सुरू केले की काळ्या पडद्यावर एकच चौकट: पासवर्ड. ज्याला तो ठाऊक होता तो नोकरी सोडून गेलेला. हार्डडिस्क बदलली, काही फरक नाही. कारण कुलूप विंडोजचे नव्हतेच, त्याच्याही खाली होते.

कॉम्प्युटरचे बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स यायच्या आधी मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्राम चालतो. त्याला बायोस म्हणा, बूट फर्मवेअर म्हणा. मशीन जागे करणे, मेमरी चालू करणे आणि पुढे कोणाला चालू द्यायचे ते ठरवणे ही त्याची कामे. म्हणजे तुमच्यात आणि तुम्ही विकत घेतलेल्या मशीनमध्ये उभा असलेला खोत.

या खोताचा इतिहास मजेशीर आहे. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला आणि तांत्रिक पुस्तिकेत बायोसचा कोड चक्क छापला. पण कॉपीराइट आयबीएमचा. वाचा, पण वापरू नका. तळे दिसते, पाणी घ्यायचे नाही. ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. मग कॉम्पॅकने आणि १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने वाट काढली. एका गटाने कोड वाचून तो काय करतो एवढेच लिहून काढायचे. दुसऱ्या गटाने मूळ कोड न बघता त्या वर्णनावरून नवा लिहायचा. या पद्धतीला ते ‘स्वच्छ खोली’ म्हणतात. कोड वाचलेला माणूस म्हणजे विटाळलेला! (विटाळाची कल्पना कुठे कुठे पोचते पाहा.) आयबीएमची मक्तेदारी मोडली, कॉम्प्युटर स्वस्त झाले. पण फिनिक्सनेही आपला कोड बंदच ठेवला. खोत बदलला, खोती राहिली.

खोतीलाच हात घातला १९९९ मध्ये, अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी. (अणुबाँब बनवणारी प्रयोगशाळा, हेही विसरू नये.) त्यांना शेकडो मशीन एकत्र जोडून चालवायची होती. कीबोर्ड जोडलेला नाही म्हणून अडून बसणारा आणि वर कीबोर्डचेच बटण दाबायला सांगणारा बायोस तिथे काय कामाचा? दुरुस्त करावा तर कोड कंपनीच्या तिजोरीत. म्हणून त्यांनी लिनक्सबायोस सुरू केला, सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल असा.

काम अवघड होते. मेमरी चालू करणारा प्रोग्राम मेमरी चालू नसतानाच चालवावा लागतो. एरिक बीडरमन यांनी त्यासाठी रॉमसीसी नावाचा कंपायलर लिहिला, जो प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या रजिस्टरांवरच भागवायचा. पुढे प्रोसेसरचा कॅशच तात्पुरती मेमरी म्हणून वापरायची युक्ती रुळली. २००८ मध्ये प्रकल्पाचे नाव कोअरबूट झाले. २०११ मध्ये एएमडीने मेमरी जागी करणारा आपला कोड कोअरबूटला खुला करून दिला. इंटेलने मात्र हा भाग बंद पुडीतच दिला. आणि २०१३ पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये बूट गार्ड आला: मशीन बनवणारी कंपनी आपल्या किल्लीची खूण चिपमध्ये कायमची जाळून ठेवू शकते. मग त्या सहीशिवाय दुसरे फर्मवेअर चालतच नाही. मशीनचे पैसे भरलेला मालक कुळच राहतो.

इथे आपले देशभक्त म्हणतील, स्वदेशी चिप आणा, प्रश्न मिटला. चिप जरूर बनावी. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० केला, २०१९ मध्ये पवईच्या आयआयटीतून अजित प्रोसेसर आला, हे लहान काम नाही. पण त्या चिपवरचा कोड कोणाला वाचता येणार, किल्ली कोणाच्या हातात राहणार, हा प्रश्न स्वदेशीने सुटत नाही. मद्रास आयआयटीच्या शक्ती प्रोसेसरचा आराखडाच खुला आहे; आम्हाला त्यातले ‘खुला’ महत्त्वाचे वाटते, ‘भारतीय’ नंतर. कोकणातल्या कुळाला देशी खोताने काय सोडले होते?

तरीही या खुल्या चळवळीला आम्ही डोक्यावर घेणार नाही. लायसन्स जात विचारत नाही हे खरे, पण सगळी माहिती इंग्रजीत असते आणि चूक झाली तर मशीन दगड होते. ज्याच्या घरी दुसरा लॅपटॉप आहे तोच प्रयोग करतो. रात्रपाळी करून शिकणाऱ्या पोराकडे ना वेळ असतो, ना दुसरे मशीन. म्हणूनच हे काम एकट्याने नव्हे, अभ्यासिकेत, सर्वांच्या मशीनवर शिकायचे. चिपला लावायची क्लिप आणि प्रोग्रामर काही शे रुपयांत मिळतात.

आमच्या तिघांपैकी दोन जुने थिंकपॅड एक्स२०० होते. बॅटरी काढून चिपला क्लिप लावली, व्होल्टेज ३.३ आहे याची आधी खात्री केली, जुना कोड दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळवल्या, मगच कोअरबूटवर आधारलेले लिब्रेबूट चढवले. पहिल्या खेपेला क्लिप नीट बसली नव्हती, पुन्हा करावे लागले. पासवर्ड विचारणारा प्रोग्रामच गेला, त्यामुळे पासवर्डही गेला. त्या दोन्हींवर आता पोरे स्पर्धा परीक्षेचे पेपर सोडवतात. तिसरा तिघांत सर्वांत नवा, सर्वांत वेगवान. त्याची किल्ली कारखान्यातच जाळलेली आहे. तो कपाटावर पडून आहे.