गुलशनाबादचा गुलाब

नाशिकच्या सराफ बाजारातून सरकारवाड्याच्या दगडी पायऱ्या चढा. बाहेरचे हॉर्न मागे पडू द्या. साल 1793, माघातली संध्याकाळ. पेशव्यांच्या या वाड्यात सभा संपत आली आहे आणि तुम्ही बैठकीच्या कडेला बसला आहात. नदीपलीकडे पंचवटीत काळ्या पाषाणाचं राममंदिर नव्यानं उभं राहिलंय. बोलणं अजून त्याच्याचभोवती फिरतंय.

एक जण गुलाबदाणी घेऊन येतो. लांब मानेची, चांदीची. मनगटाच्या एका झटक्यासरशी तुमच्या खांद्यावर गार थेंब पडतात. हा वास हलका आणि क्षणात हसरा. पाणी सुकलं की तोही जातो. मग अत्तरदाणी येते. तुमच्या पालथ्या हातावर अत्तराचं बोट फिरतं, कापसाचा फाया तुम्ही कानात खोचता. यानंतर विडा मिळेल आणि उठायची वेळ झाली, हे कोणी न सांगता सगळ्यांना कळेल.

हाताचा वास घ्या, पण घाई नको. आधी हिरवट, किंचित लिंबाळलेला झोत येतो. तो ओसरला की मध. दाट, जवळजवळ जिभेला जाणवणारा. मधामागून लवंगेचा बारीक तिखटपणा डोकावतो आणि गुलाबाला गुळमट होऊ देत नाही. मला या अत्तरात सगळ्यात जास्त भावते ती हीच जागा. या सगळ्याखाली चंदन आहे, शांत आणि पक्कं. रात्री अंगरखा काढाल तेव्हा मध विरलेला असेल, तरी चंदनानं गुलाब धरून ठेवलेला असेल.

मघाचं गुलाबपाणी आणि हे अत्तर एकाच फुलाचं, मग वास इतका वेगळा कसा? फुलाच्या सुगंधातलं फिनाइल एथिल अल्कोहोल पाण्यात सहज मिसळतं आणि बरंचसं तिथंच राहतं. ताज्या फुलाचा भास देतं ते हेच. जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल अशी द्रव्यं मात्र तेलाकडे ओढ घेतात.

आता आणखी शंभर वर्षं मागे चला. इथं मोगलांचा अंमल आहे आणि शहराला गुलशनाबाद म्हणतात. गोदाकाठच्या एका बागेत तुम्ही उजाडायच्या आत पोचला आहात. दमास्क गुलाबाची झुडपं छातीएवढी, काटे बारीक आणि दाट. फूल दिसायला साधंच, फिकट गुलाबी, विस्कटलेल्या पाकळ्यांचं. पण वाकून श्वास घेतलात की दुसरा घेतल्याशिवाय राहवत नाही. ऊन वर आलं की सुगंध उडू लागतो, म्हणून फुलं पहाटेच खुडायची. बहरही वर्षातून थोडेच आठवडे टिकतो.

अत्तराची भट्टी पाहायची तर उत्तरेत कनौजला जावं लागेल. तांब्याच्या डेगेत पाणी आणि पाकळ्या, झाकणाची फट चिकणमातीनं लिंपलेली. बांबूच्या नळीतून वाफ भपका नावाच्या भांड्यात उतरते. हा भपका गार पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल ओतलेलं असतं. वाफ निवते तसा गुलाब त्या तेलात मुरत जातो. चंदनाशिवाय निव्वळ गुलाबतेल काढायचं म्हटलं, तर किलोभर तेलाला साधारण चार टन फुलं लागतात. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचं श्रेय नूरजहानच्या आईला दिलंय. गरम गुलाबपाणी ताटांत ओतताना वर तवंग येतो, हे तिनं हेरलं आणि तो थोडा थोडा करून गोळा केला. हे पाणी किती घरांत ओतलं गेलं असेल, पण त्या तवंगापाशी थांबली ती ही बाई. अत्तराच्या कोणत्याही बखरीत तिचं नाव पहिल्या पानावर यायला हवं: अस्मत बेगम.

परत या. आज नाशिकपासून जवळच, दिंडोरी तालुक्यात मोहाडी आणि जानोरीच्या पॉलिहाऊसमध्ये तुम्ही उभे आहात. दोन्ही बाजूंना लांब दांड्याचे, घट्ट कळीचे डच गुलाब. रंग डोळ्यांत भरणारा. वाकून वास घ्या. काहीच येत नाही, फार तर ओल्या पानाचा. शेतकऱ्याचा यात दोष नाही. दांडा सरळ हवा, कळी प्रवासात उमलू नये, फुलदाणीत आठवडा काढावा, अशी बाजाराची मागणी. जाती घडवणाऱ्यांनी तेवढंच निवडलं आणि सुगंध मागे राहिला. 2015 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की जेरॅनिऑल घडवण्याच्या कामात गुलाबातलं एक विकर लागतं आणि बिनवासाच्या जातींत ते जवळजवळ निजलेलं असतं.

माझी यावर खरी तक्रार आहे. ज्या शहराला कधीकाळी बागेचं नाव मिळालं, तिथल्या मुलांना गुलाब म्हणजे फक्त रंग वाटावा, हे मला सोसत नाही. म्हणून उद्या सकाळी लवकर फुलबाजारात जा. प्लॅस्टिकच्या वेष्टणातले गुच्छ ओलांडा आणि टोपलीतल्या सुट्या गावठी गुलाबाची चौकशी करा. पावशेर घ्या. घरातल्या लहान मुलाच्या ओंजळीत ती फुलं ओता आणि डोळे मिटून वास घ्यायला सांगा.