हिरडा, बटवा आणि दप्तर

हिरड्याशी बहुतेक मराठी माणसांची पहिली ओळख होते ती आजीच्या बटव्यातून. बाळगुटीसाठी सहाणेवर दोन वेढे उगाळायचा आणि पुन्हा बटव्याच्या कप्प्यात ठेवून नाडी ओढायची. बटव्यात येण्यापूर्वी हा हिरडा कोठे होता, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आणि तो बटवा कोणी शिवला, हा तर मुळीच पडत नाही. कापडाच्या आणि चामड्याच्या हातशिलाईच्या पिशव्यांचा इतिहास शोधताना हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, असे आमच्या ध्यानात आले. ते ठिकाण म्हणजे जुन्नर तालुक्यातील मढ आणि त्याच्या आसपासचे डोंगर.

कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूरकडे निघाले की वाटेत मढ लागते. येथून दक्षिणेकडे आंबेगाव तालुक्यापर्यंत पसरलेला सह्याद्रीचा पट्टा हा प्रामुख्याने महादेव कोळी समाजाचा प्रदेश. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात हिरडा, हा येथील अनेक घरांचा वर्षानुवर्षांचा आधार. झाडावर चढून कोवळी फळे उतरवायची, अंगणात वाळवायची आणि हा काळा पडलेला, सुरकुतलेला बाळहिरडा पोत्यात भरून बाजारी न्यायचा. औषधासाठी हिरडा लागतोच; पण त्याचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या तुरटपणात, म्हणजे त्यातील टॅनिनमध्ये आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून हिरडा परदेशी जाई, तो मुख्यतः तेथील चर्मालयांसाठी आणि रंगशाळांसाठी.

हे टॅनिन दोन कामे करते. कच्चे कातडे कुजते. टॅनिनमध्ये मुरवले की त्यातील प्रथिने बांधली जातात आणि कातड्याचे टिकाऊ चामडे होते. सुती कापडाची अडचण वेगळी. कापूस रंग सहजी धरत नाही. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून मग तुरटीची जोड दिली, तर मंजिष्ठेचा तांबडा रंग त्यावर पक्का बसतो. लोखंडाची जोड दिली तर काळा रंग उठतो. म्हणजे चामडे कमावणारा आणि कापड रंगवणारा हे दोघेही एकाच झाडाचे ऋणी. निसर्गाने या दोन वस्तूंना एकच गुरू दिला होता.

समाजाने मात्र त्यांना एका ओट्यावर बसू दिले नाही. कापड शिंप्याकडे, चामडे चांभाराकडे, आणि कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे, अशी गावगाड्याची वाटणी होती. शिंप्याच्या हाती सुई आणि कातर. चांभाराच्या हाती आरी आणि रापी. जुन्या गावातील चामडी पिशव्यांची यादी केली तर ती लहान नाही. विहिरीचे पाणी उपसणारी मोट, पाणी वाहणारी पखाल, तेलाचा बुधला, न्हाव्याची हत्यारे ठेवण्याची धोकटी. कापडाची यादी याहून मोठी. पिशवी, थैली, झोळी, वाटसरूची पडशी, पानसुपारीची चंची, पैसे भरून कमरेला बांधायचा लांबट कसा, आणि बटवा. दोन्ही याद्यांतील वस्तू एकाच घरात, एकाच माणसाच्या अंगावर नांदत. मोटेच्या पाण्यावर पिकलेले अन्न साऱ्या गावाला चालत असे. मोट शिवणारा मात्र वेशीच्या आत राहू शकत नसे.

या विभागणीला हुन्नराचेही काही कारण असेल, असे कोणी म्हणेल. दोहोंची शिलाई वेगळी आहे, हे खरे. कापडात चुकलेला टाका उसवता येतो. सुईचे भोक धाग्यांत मिटून जाते. चामड्यात आरीने पाडलेले भोक कायमचे राहते, म्हणून पहिल्या टाक्याआधीच सारा हिशेब पक्का करावा लागतो. टाके फार जवळ घेतले तर चामडे भोकांच्या ओळीवरच फाटते. कापडाची कड सुटते म्हणून ती दुमडावी लागते. चामड्याची कड सुटत नाही, पण जाड असल्याने ती तासून पातळ करावी लागते. कापड आणि चामडे जोडून पिशवी शिवायची तर दोन्ही स्वभाव एकाच हाताला ठाऊक हवेत. ज्या ठिकाणी ताण येतो तेथे, म्हणजे तळाला, कोपऱ्यांना आणि बंदांना चामडे. अंगाला आणि अस्तराला कापड. ही युक्ती अवघड नाही. ती शिकण्याच्या आड हुन्नर येत नव्हता.

याचा पुरावा जिनगरांच्या रूपाने आपल्यासमोर आहे. फारसी 'जीन' म्हणजे खोगीर. ते करणारा तो जिनगर. खोगिरात चामडे आणि कापड दोन्ही आले, आणि मराठ्यांच्या घोडदळाला तर त्याची अहोरात्र गरज. १८१८ साली पेशवाई बुडाली, घोडदळ गेले, आणि जिनगरांनी धातुकाम, मूर्तिकाम, पुस्तकबांधणी असे नाना व्यवसाय धरले. हाताने इतका चतुर असा दुसरा समाज क्वचितच असेल. तरीही एकोणिसाव्या शतकात पुण्यातील न्हाव्यांनी, जिनगर अपवित्र आहेत असे म्हणून, त्यांची हजामत करण्याचे नाकारले आणि ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. नकार देणाऱ्यांच्या काखेत तेव्हाही धोकटी असेलच. ती चामड्याचीच असे, याचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. दोष त्या न्हाव्यांना देऊनही भागत नाही. जातीच्या उतरंडीत मधल्या पायरीवर उभे असलेल्याला खालची पायरी दाखवत राहावी लागते, एवढाच याचा अर्थ.

माणसांनी जे वेगळे ठेवले ते शब्दांनी मात्र एकत्र शिवून टाकले. 'दप्तर' हा शब्द पाहा. तो आपल्याकडे फारसीतून आला, पण त्याचे मूळ ग्रीक 'डिफ्थेरा' या शब्दात सापडते, आणि त्याचा अर्थ कमावलेले कातडे असा आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की आयोनियातील लोक पपायरसच्या ग्रंथांनाही हाच शब्द वापरीत, कारण पूर्वी ते कातड्यावर लिहीत असत. कातड्यावरून शब्द लेखनावर गेला, लेखनावरून नोंदवह्यांवर. मराठी राज्यात त्या नोंदी कापडी रुमालांत बांधल्या जाऊ लागल्या. पुण्याचे पेशवे दप्तर अशाच रुमालांत राहिले, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. पुढे हाच शब्द शाळकरी मुलाच्या खांद्यावरील पिशवीला लागला. म्हणजे ज्या घरांत चामड्याचा विटाळ कटाक्षाने पाळला जाई, त्या घरांतील मुलेही कातड्याचेच नाव खांद्याला अडकवून शाळेत जात होती.

'खलिता' या शब्दाचा प्रवास याच्या उलट झाला. अरबीत 'खरीता' म्हणजे पिशवी. राजेरजवाडे एकमेकांना पत्रे पाठवीत ती रेशमी किंवा किनखापी पिशवीत घालून. हळूहळू पिशवीचे नाव पत्रालाच मिळाले. एका शब्दात मजकुराची पिशवी झाली, दुसऱ्यात पिशवीचा मजकूर झाला. दोन्ही प्रवासांत शिवणारा मात्र कोठेच उतरला नाही.

आणि तो सापडावा तरी कसा? कापड आणि चामडे दोन्ही कुजतात. याच जुन्नर तालुक्याच्या कड्यावर नाणेघाटात नागनिकेचा लेख आहे. यज्ञांच्या दक्षिणेत दिलेले हजारो कार्षापण त्यात कोरलेले आहेत. ती नाणी ज्या थैल्यांतून आली असतील त्यांचा धागाही उरलेला नाही. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. एका चर्मकाराचे नाव मात्र दूर, आंध्रातील अमरावतीच्या स्तूपावर वाचायला मिळते. नागाचा पुत्र चर्मकार विधिक याने आपल्या कुटुंबासह तेथे पूर्णघट कोरलेली शिला दान दिली. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी आपला व्यवसाय नावाला जोडून दगडावर कोरवून घेण्यात त्याला संकोच वाटला नव्हता. पुढच्या शतकांत तो का वाटू लागला, हाच खरे तर या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

आज आपण जिला हॅंडबॅग म्हणतो ती या कहाणीत उशिरा आली. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांचे पोशाख तलम झाले, आतले खिसे मावेनासे झाले आणि पैशांची पिशवी हातात आली. आपल्याकडे नऊवारीच्या कनवटीला पैसे खोचणारी स्त्री नोकरीसाठी घराबाहेर पडली तेव्हा तिच्या हातात 'पर्स' आली. लेखक-कार्यकर्त्यांच्या खांद्यावर शबनम आली, तिची तर वेगळीच प्रतिष्ठा झाली. पण तोवर मागे बरेच काही बदलले होते. क्रोमक्षाराने चामडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट १८८४ साली अमेरिकेत निघाले, आणि जे काम हिरड्याला दिवसेंदिवस लागत असे ते थोड्या वेळात होऊ लागले. विहिरीवर इंजिन आणि विजेचा पंप आला, मोट गेली. जुने कसब राहिले. त्याला मागणारे गाव राहिले नाही.

२०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली, तेव्हा चर्मकारांचा कच्चा मालही आटला. त्यानंतरच्या काळात सुधीर राजभर या कलावंताने मुंबईत 'चमार स्टुडिओ' उभा केला. धारावीतील कारागिरांना सोबत घेऊन, चामड्याऐवजी पुनर्वापराच्या रबराच्या पिशव्या तेथे घडू लागल्या. शिवी म्हणून फेकला जाणारा शब्द त्यांनी पिशवीवर नाममुद्रा म्हणून लावला. आम्हाला यात विधिकाच्या शिलेची आठवण होते. याउलट २०२५च्या जून महिन्यात प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरी वहाणांसारख्या वहाणा आणल्या, त्या कोल्हापूरचे नाव न घेता. ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीचा उल्लेख झाला. २०१९ सालीच कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले होते. कायद्याने नाव नोंदले म्हणजे ते उच्चारले जातेच असे नाही.

मढच्या आसपास उन्हाळ्यात अंगणाअंगणांतून आजही हिरडा वाळत पडतो. फांदीच्या टोकाशी जाऊन तो उतरवणाऱ्याचे नाव पोत्यावर नसते, जसे शिवणाऱ्याचे नाव पिशवीवर नसते. हातशिलाईच्या वस्तूंचे कौतुक अलीकडे पुष्कळ होते, किमतीही चढ्या असतात. त्या कौतुकात हात अमूर्तच राहतो. हात कोणाचा, हे विचारले की जात, जंगल आणि मजुरी या तिन्ही गोष्टी पुढे येतात, आणि त्या पिशवीत मावत नाहीत. आपल्या आजीच्या बटव्याला अनेक कप्पे होते. त्यांतला एखादा या प्रश्नासाठी रिकामा ठेवायला काय हरकत आहे?