जुलमी सत्ताधीशाचा वध : अथेन्सचे स्मरण आणि विस्मरण

अथेन्सच्या अगोरात, म्हणजे नगराच्या बाजारचौकात, हर्मोडियस आणि अरिस्टोजिटन यांचे ब्राँझचे पुतळे उभे होते. इ.स.पू. ४८० मध्ये झर्क्सीसच्या इराणी सैन्याने मूळ पुतळे लुटून नेले, तेव्हा अथेन्सने इ.स.पू. ४७७-७६ मध्ये क्रिटिऑस व नेसिओटीस या शिल्पकारांकडून नवी जोडी घडवून घेतली. दोघांच्या वंशजांना नगराच्या खर्चाने भोजनाचा मान मिळाला. मेजवान्यांतून गायिल्या जाणाऱ्या गीतांनी जुलमी सत्ताधीशाला मारून अथेन्सला समान कायद्याचे नगर केल्याचे श्रेय त्यांना दिले. लोकशाहीने आपल्या जन्माची ही कथा शिल्प, विधी आणि गीत अशा तिन्ही माध्यमांतून पक्की केली.

या कथेचा एक चिकित्सक थ्युसिडिडीस. इ.स.पू. ५१४ मध्ये पॅनाथेनिया उत्सवात मारला गेलेला हिपार्कस हा सत्ताधीश नव्हताच; सत्ता त्याचा थोरला भाऊ हिपायस याच्या हाती होती, असे तो दाखवून देतो. वधामागील प्रेरणाही प्रेमप्रकरण आणि त्यातून झालेला अपमान ही होती. वधानंतर राजवट संपली नाही. ती अधिक क्रूर होऊन आणखी चार वर्षे टिकली आणि इ.स.पू. ५१० मध्ये स्पार्टाच्या सैन्यामुळे कोसळली. थ्युसिडिडीसने हे विवेचन इ.स.पू. ४१५ च्या घटनांच्या मध्यभागी ठेवले आहे, ही गोष्ट महत्त्वाची ठरते. त्या वर्षी हर्मीसच्या मूर्तींची विटंबना झाली आणि भयग्रस्त अथेन्सने संशयावरून नागरिकांना तुरुंगात टाकले. भूतकाळाच्या चुकीच्या वाचनाने वर्तमानातील न्यायबुद्धी कशी ढळते, याचेच ते विश्लेषण होय.

ज्या शब्दाभोवती हे भय साठले, तो ‘तिरानोस’ हा शब्द बहुधा मूळचा ग्रीक नव्हे. इ.स.पू. सातव्या शतकातील कवी आर्किलोकस लिडियाचा राजा गायजीस याच्या संदर्भात तो वापरतो, आणि तेथे त्याला क्रौर्याचा अर्थ अजून चिकटलेला नाही. वंशपरंपरा वा कायदा यांचा आधार न घेता सत्ता बळकावणारा, एवढाच त्याचा प्रारंभीचा आशय. कॉरिंथमध्ये किप्सेलसने सत्ता घेतली ती एका बंदिस्त उमराव कुळाला हटवून. अथेन्समध्ये सोलनने इ.स.पू. ५९४ मध्ये कर्जे रद्द केली, कर्जापोटी गुलाम झालेल्यांना मुक्त केले. परंतु उमरावांच्या गटांतील झगडा त्याला थांबवता आला नाही. पायसिस्ट्रेटसने तिसऱ्या प्रयत्नात, इ.स.पू. ५४६ च्या सुमारास, सत्ता स्थिर केली. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथानुसार त्याने लहान शेतकऱ्यांना कर्जे दिली आणि गावोगाव फिरते न्यायाधीश नेमले. न्यायासाठी स्थानिक उमरावाच्या दारी जाण्याची गरज त्यामुळे कमी झाली. जुलूमशाहीने नागरिकांना सत्ता दिली नाही हे खरे. पण ज्यांच्या हाती ती पूर्वापार होती, त्यांची पकड तिने सैल केली.

इ.स.पू. ५०८-०७ मध्ये क्लाइस्थेनीसने दहा नव्या जमाती आणि पाचशेंचे मंडळ यांची रचना केली, ती या सैल झालेल्या भूमीवर. प्रत्येक जमातीत किनारा, नगर आणि अंतर्भाग या तिन्ही प्रदेशांतील लोक एकत्र आणून त्याने कुळांची निष्ठा विभागली. स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी या व्यवस्थेबाहेरच राहिले. त्याचा प्रतिस्पर्धी आयसागोरस याने स्पार्टाचा राजा क्लीओमिनीस याच्या बळावर मंडळ बरखास्त करण्याचा प्रयत्न केला, त्या वेळी क्लाइस्थेनीस नगरात नव्हता. मंडळाने नकार दिला आणि लोकांनी ॲक्रॉपॉलिसला वेढा घातला. तिसऱ्या दिवशी स्पार्टन निघून गेले. लोकशाहीचा खरा संस्थापक क्षण कोणता असेल, तर तो हाच. परंतु त्यात नायक नव्हता, म्हणून त्याचा पुतळाही झाला नाही.

शस्त्र उगारलेल्या दोघांची प्रतिमा अथेन्सला अधिक सोयीची होती. तिच्याआड स्पार्टाचे उपकार झाकले जात, तसेच जुलूमशाहीशी झालेले सहकार्यही. हिरॉडोटस सांगतो की क्लाइस्थेनीसचे कुळ त्या सर्व काळात परागंदा होते. अगोराच्या उत्खननात सापडलेल्या अधिकाऱ्यांच्या यादीच्या एका तुकड्यावर मात्र, हिपायसच्या कारकिर्दीत, इ.स.पू. ५२५-२४ च्या वर्षासाठी क्लाइस्थेनीसचे नाव वाचले जाते.

या विस्मरणाची किंमत मोठी होती. जुलूम म्हणजे एक माणूस, आणि त्यावरचा उपाय म्हणजे त्याचा वध, अशी समजूत रूढ झाली की संस्थांच्या मार्गाने येणारा जुलूम ओळखू येत नाही. इ.स.पू. ४११ मध्ये अथेन्सच्या सभेने, भय आणि युद्धाच्या दडपणाखाली, स्वतःच्याच मतदानाने चारशे जणांच्या हाती सत्ता सोपवली. त्या मतदानात मारण्याजोगा कोणी एक सत्ताधीश नव्हता. थ्युसिडिडीसची दुरुस्ती नगराने ऐकली नव्हती. पुतळे मात्र बाजारचौकात उभेच होते.