संध्याकाळी तळ दिसायचा

तुम्ही भोरचे असा नाहीतर वेल्ह्याचे, पाणी तुम्हाला कधी मोजावं लागलं नसेल, निदान पावसाळ्यात तरी. आषाढात तोरण्याच्या अंगाखांद्यावरून ओहोळ धावतात, पागोळ्या रात्रभर गळतात, खाचरात पाय पोटरीपर्यंत रुततो. तसेच चिखलाचे पाय घेऊन या माझ्याबरोबर. जिल्हा हाच, आपला पुणे, पण पार उगवतीकडे, दौंडच्या वाटेवर. आणि वर्षं मागे जायचंय, सव्वाशेच्या आसपास.

केडगाव स्टेशन. गाडीतून खाली पाय ठेवलात आणि चटका बसला ना? पायांवरचा चिखल दहा पावलांत वाळून गळून पडेल. वारा आहे, पण भट्टीसमोरचा असतो तसा. नाकात धूळ, जिभेवर धूळ, दाताखाली कचकच. पाऊस आलेला नाही. समोर लांबलचक कौलारू इमारती दिसतात, ते मुक्ती सदन, पंडिता रमाबाईंचं.

आधी आवाज ऐकू येतो. जात्यांची घरघर, तान्ह्यांचं रडणं, सुतारांची ठोकठोक, कुठेतरी खोकल्याची उबळ. वास तर किती! भाजलेल्या ज्वारीचा, गोठ्यातल्या शेणाचा, खरजेवर चोळलेल्या औषधाचा, धुऊन वाळत घातलेल्या जाड्याभरड्या लुगड्यांचा. इथे एकोणीसशेच्या वर माणसं राहतात, बहुतेक मुली आणि बाया. कुणी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या, कुणी गुजरातेतल्या. शंभरावर गुरं वेगळी. बांधकामाला पाणी लागतं ते आणखी वेगळं. आणि या सगळ्यांना मिळून पाणी पुरवतात दोन विहिरी.

घ्या ती घागर, उभे राहा रांगेत. हो, तुम्हीसुद्धा. पाहुणा म्हणून कुणी बसून राहत नाही इथे.

तुमच्या पुढे बारा-तेरा वर्षांची एक पोर आहे. दंड इतका बारीक की तुमच्या दोन बोटांच्या कडीत मावेल. तिच्या काखेत आणखी एक चिमुरडी आहे, डोक्याला फडकं बांधलेली, डोळे चिकटलेले. सख्खी बहीण नाही ती. आधी आलेल्या मुलींनी नव्या आलेल्यांना सांभाळायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, ही इथली रीत आहे. मोठी पोर ओंजळभर पाणी घेते, धाकटीचे डोळे पुसते आणि उरलेला ओलावा स्वतःच्या ओठांना लावते. थेंबही जमिनीवर पडत नाही.

आता वाका आणि विहिरीत बघा. दिवस कलतोय. खाली काय दिसतं? तळ. ओला गाळ, दोन-चार दगड. पाणी संपलं. उद्याचं काय, हा प्रश्न तुमच्या छातीत धडधडतोय, तसाच इथे प्रत्येकीच्या छातीत आहे.

तेवढ्यात रांग बाजूला सरते. पांढरं सुती लुगडं, आखूड कापलेले केस, घारे डोळे. या रमाबाई. बाईंना ऐकू कमी येतं, म्हणून मुली अगदी जवळ जाऊन बोलतात. भूक काय असते हे या बाईंना कुणी सांगायला नको. आईवडील दुष्काळात गेले. आई अखेरच्या घटका मोजत असताना बाजरीची भाकरी मागायला परक्याच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या तरुण मुलीच्या तोंडून लाजेने शब्द फुटेना. पुढे भावाबरोबर अनवाणी, उपाशी, हा देश पायी पालथा घातला. संस्कृतचे हजारो श्लोक तोंडपाठ असलेली ती विदुषी 1883 साली ख्रिस्ती झाली.

प्रार्थनेला बसा. कंदिलाचा धूर, घामट अंगं, खांद्याला खांदा. भक्ती म्हटलं की आपण मोठं मागणं मागतो. इथलं मागणं आजच्या भाकरीपुरतं आणि उद्याच्या घागरीपुरतं आहे. मला वाटतं, या माणसांचा तग त्यातच आहे. सगळ्या दुष्काळाचं ओझं एका रात्री उचलायचं नाही. उद्याचा दिवस प्रभूच्या हाती देऊन झोपायचं आणि पहाटे जात्याला हात घालायचा.

पहाट झाली, उठा. विहिरीपाशी मुलींचा गलका चाललाय. वाकून बघा, पाणी आलंय. दिवसभर पुरेल एवढं. संध्याकाळी पुन्हा तळ दिसेल, उद्या पहाटे पुन्हा पाणी. रमाबाईंनी हे लिहून ठेवलं आहे. झरे रात्रीतून भरतात, असं तुम्ही म्हणाल. म्हणा की. पण तळ पाहून शांत झोपणं हे झऱ्याचं काम नव्हे.

पाणी मिळालं म्हणून सगळंच मिळालं नाही. आणखी वीसेक वर्षं पुढे सरका. छापखान्यात शाईचा उग्र वास आहे, मुली खिळे जुळवताहेत. आतल्या खोलीत वाकलेल्या बाई हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेल्या बायबलची मुद्रितं तपासताहेत. एकुलती एक लेक मनोरमा 1921 साली गेली आहे. ती आपल्यामागे संस्था चालवील, असं बाईंनी धरलं होतं. तरी मुद्रितांवरचा हात थांबलेला नाही. ते काम हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 रोजी बाई गेल्या, आणि पूर्ण बायबल 1924 मध्ये केडगावातच छापून निघालं.

आता परत या. पायांना पुन्हा भोरचा चिखल लागू द्या. पण कधी पुण्याहून दौंडकडे निघालात, तर केडगावला उतरा. मुक्ती मिशन आजही तिथेच आहे.