लांडग्याच्या दंशापासून दारातल्या कुत्र्यापर्यंत

नागपूरच्या रामदासपेठेसारख्या दवाखान्यांनी आणि सदनिकांनी गजबजलेल्या वस्तीत रानटी जनावराचे भय सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु पश्चिमेस थोड्याच अंतरावर अंबाझरी तलावाच्या काठची झाडी आहे. वायव्येस सेमिनरी हिल्स आणि त्यापुढे गोरेवाड्याचे जंगल आहे. रान आणि घर यांमधील सीमा आपण समजतो तितकी पक्की नाही. या सीमेवरून शतकानुशतके ये-जा करणारा रोग म्हणजे अलर्क, जलसंत्रास किंवा आजच्या बोलीत रेबीज. त्याचा इतिहास पाहू लागलो, की आम्हांस प्रथम भेटतो तो कुत्रा नव्हे, तर रानातला पशू.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात या विकाराचे वर्णन आहे. तेथे कुत्र्याबरोबर कोल्हा, तरस, अस्वल, वाघ अशा श्वापदांचाही उल्लेख येतो. दंश झालेला मनुष्य पाण्यास भिऊ लागला, की तो वाचत नाही, हा त्या ग्रंथाचा निष्कर्ष आजही जवळजवळ शब्दशः खरा आहे. जखम डागावी, हा उपायही त्यात सांगितला आहे.

युरोपातील ख्रिस्ती जनांनी या संकटात संत हुबर्ट यांचा धावा केला. लीजचे हे बिशप इ. स. ७२७ मध्ये निवर्तले. त्यांचे अवशेष पुढे आर्देनच्या अरण्यातील मठात नेण्यात आले आणि पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्या लोकांची रीघ तेथे लागली. ‘संत हुबर्ट यांची किल्ली’ म्हणून ओळखली जाणारी लोखंडी सळई तापवून जखम डागण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. या प्रथेस केवळ भाबडेपणा म्हणून हसणे आम्हांस योग्य वाटत नाही. विषाणू हा शब्दही जगाला ठाऊक नव्हता, तेव्हा दंशाच्या जागीच विष नष्ट करावे, एवढे त्या माणसांनी अनुभवाने ओळखले होते. मात्र विष एकदा मज्जातंतूंत शिरले, की डागण्याचा काही उपयोग होत नसे.

६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्यासमोर जोसेफ मायस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा आणण्यात आला. दोन दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेला कुत्रा चावला होता. सशाचा वाळविलेला मज्जारज्जू वापरून केलेली लस त्याला टोचण्यात आली आणि तो जगला. परंतु पाश्चर यांची खरी कसोटी पुढच्या वर्षी लागली. मार्च १८८६ मध्ये रशियातील स्मोलेन्स्क प्रांतातून लांडग्याने फाडलेले १९ शेतकरी पॅरिसला पोहोचले. लांडग्याचा दंश खोल असतो आणि तो बहुधा चेहऱ्यावर व डोक्यावर होतो. तेथून मेंदू जवळ, म्हणून काळही जवळ. त्या १९ जणांपैकी तिघे दगावले आणि १६ जण घरी परतले. ज्या दंशानंतर लोक आशाच सोडून देत, तेथे १६ जीव वाचले होते.

हिंदुस्थानात १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर संस्था स्थापन झाल्या. १९११ मध्ये कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांनी जनावरांच्या मेंदूपासून नवी लस तयार केली. महाराष्ट्रात परळच्या हाफकिन संस्थेनेही या लसीच्या निर्मितीचे काम केले. पोटात घ्यावयाची ती चौदा इंजेक्शने जुन्या पिढीतील पुष्कळांच्या स्मरणात असतील. त्या लसीने असंख्य लोक तारले. क्वचित कोणाला पक्षाघातही दिला. त्यामुळे २००४ च्या अखेरीस देशात तिचे उत्पादन थांबले आणि दंडात घ्यावयाच्या पेशीसंवर्धित लसीने तिची जागा घेतली.

नुसती लस प्रत्येक वेळी पुरेशी नसते, हेही एका लांडग्यानेच शिकविले. १९५४ साली इराणमधील एका गावात पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत २९ जणांना जखमी केले. डोक्यास दंश झालेल्यांपैकी केवळ लस मिळालेल्या पाच जणांतील तिघे मरण पावले. लसीबरोबर प्रतिरक्तद्रव मिळालेल्या तेरा जणांपैकी एकच दगावला. लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास काही दिवस लागतात. तोवरचा पहारा हे द्रव करते. खोल जखमेत व तिच्याभोवती ते टोचण्याची आजची पद्धत त्या अनुभवावर उभी आहे.

आज भारतात माणसास हा रोग बहुतांशी कुत्र्यापासून होतो. तरीही रान यातून सुटलेले नाही. २०२४ साली मुंबईच्या चेंबूर-ट्रॉम्बे भागात कोल्ह्यांनी माणसांवर हल्ले केले आणि मृत कोल्ह्यांत रेबीजचे निदान झाले. मुंगूस हाही या रोगाचा वाहक ठरू शकतो. रानातले जनावर भीड सोडून दिवसाढवळ्या अंगणात आले, तर ते माणसाळले असे समजू नये. त्याच्याशी झुंजलेल्या आपल्या कुत्र्यास तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. एरवी निरोगी दिसणारा घरचा कुत्राच रानातला विषाणू मुलांच्या हातापर्यंत आणतो.

नागपुरात कुत्र्यांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. ज्यांना भटक्या कुत्र्यांना अन्न द्यावयाचे आहे, त्यांनी ते दत्तक घ्यावेत, अशा आशयाचा आदेश उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. वाद दयेचा की भयाचा, यावर घराघरांत मतभेद आहेत. आमच्या मते या दोहोंचा मेळ लसीकरणात आहे. स्वित्झर्लंडने १९७८ पासून आमिषात लस ठेवून रानातल्या कोल्ह्यांनाही ती दिली आणि पुढे रोग हटविला. आपल्या शेजारच्या गोव्याने कुत्र्यांचे व्यापक लसीकरण केले आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

तरीही देशात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे या रोगाने मरतात, असा २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. यांतील बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, हे त्यातील खरे दुःख. ओरखडा लहान म्हणून मूल घरी सांगत नाही. सांगितले तर कोणी हळद, चुना वा तिखट भरते. लसीच्या दोन मात्रा झाल्या, की तिसरीचा विसर पडतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. स्मोलेन्स्कचे शेतकरी उपचारासाठी अर्धा युरोप ओलांडून गेले होते. आपल्याला तो दोन गल्ल्यांवर मिळत असताना केवळ हयगयीने जीव जाऊ देणे, यास आम्ही दैव म्हणणार नाही. मूल आपणहून येऊन दंशाची गोष्ट सांगेल, एवढा धीर घरात असावा. त्याला रागावणे नंतरही होऊ शकते.