मेटफॉर्मिन आणि मुखकर्करोग-प्रतिबंध

मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारावर दिले जाणारे जुने व स्वस्त औषध. १९२२ मध्ये ते प्रथम तयार झाले. १९५७ मध्ये झाँ स्टर्न या फ्रेंच वैद्यांनी मधुमेहावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. पेशीतील ऊर्जानिर्मिती या औषधाने मंदावते, एएमपीके हे विकर कार्यान्वित होते आणि पेशींच्या वाढीला चालना देणारा एमटॉर मार्ग दबतो. तोंडाच्या कर्करोगात हाच मार्ग बहुधा अतिसक्रिय असतो, म्हणून संशोधकांचे लक्ष इकडे वळले. २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगात पूर्वकर्करोगी चट्ट्यांचे कर्करोगात होणारे रूपांतर बरेच घटलेले दिसले.

माणसांवरील चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका व कॅनडातील, मधुमेह नसलेल्या, पण तोंडात पांढरे किंवा लाल चट्टे असलेल्या २६ जणांना सुमारे तीन महिने गोळ्या दिल्या गेल्या. तपासता आलेल्यांपैकी १७ टक्क्यांचे चट्टे लक्षणीय आकसले. सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ६० टक्क्यांत सुधारणा आढळली. मात्र तुलनेसाठी बिनऔषधी गोळीचा गट नव्हता. त्यामुळे हा निकाल आशादायक म्हणावा, निर्णायक नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने मेटफॉर्मिन व हळदीतील कर्क्युमिन यांची चाचणी हाती घेतली ती वेगळ्या हेतूने : एकदा उपचार झालेल्या रुग्णात दुसरा नवा कर्करोग रोखता येतो का, हे पाहण्यासाठी.

विदर्भात मुखकर्करोगाच्या प्रश्नाला खर्र्याचे परिमाण आहे. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा होतो. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण खर्रा ठेल्यावरच ताजा घोटला जातो. सुपारीमुळे सबम्युकस फायब्रोसिस होतो : तिखट सोसत नाही, गाल ताठरतात, तोंडात तीन बोटेही मावत नाहीत. मुंबईचे एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. अमेरिका-कॅनडातील चाचणी चट्ट्यांवरची होती, या ताठरपणावरची नव्हे. तिचा निकाल इथल्या रुग्णांना जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल.

पोट बिघडणे, ब-१२ जीवनसत्त्व घटणे हे या औषधाचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. मूत्रपिंड निकामी असल्यास ते धोक्याचे. कर्करोग टाळण्यासाठी ते मनाने घेऊ नये. खर्रा सोडावा, आणि तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर दंतवैद्याला दाखवावी.